सोनाजीच्या अंगठ्यातला काटा

देवगाव रंगारीच्या सोनाजीनं तीन डॉक्टर केले आणि तिघांनाही एकच सांगितलं, बाभळीचा काटा मोडून पायाच्या अंगठ्यात राहिलाय. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस, त्याला काट्यातलं कळणार नाही तर कोणाला? तिघांनी मान डोलावली, दोघांनी अंगठा चिरला. काटा काही सापडला नाही, सूज तेवढी वाढली. आता संभाजीनगरच्या सर्जनला हाड सडल्याची शंका होती आणि उद्या अंगठा कापायचं ठरलं होतं. अंगठा गेला की चालणं गेलं आणि चालणं गेलं की मेंढरं विकायची. सोनाजी स्कॅनच्या टेबलावर तोंड फिरवून पडला होता.

मशीन चालवणारी प्रांजली लासूर स्टेशनची, तिचे आजोबाही मेंढपाळच. दुसऱ्या पायाच्या घोट्यावरही तिला गाठ दिसली आणि काट्याची गोष्ट पटेनाशी झाली.

"मामा, दिवसाला पाणी किती पिता?"

"दोन-तीन पेले. टँकर आठ दिसांनी येतो. मुक्या जिवांना आधी पाजावं लागतं."

प्रांजली तडक स्कॅन विभागाच्या डॉक्टर मोनिका मॅडमकडं गेली. साधा स्कॅन सांगितलाय, आपण स्पेक्ट्रल करू, असं तिनं त्यांना सांगितलं. मॅडम वैतागल्या. मागितलंय तेवढंच करावं, हा त्यांचा नियम. पण पोरगी दारातून हलेना, तेव्हा त्यांनी कशीबशी मान हलवली.

स्पेक्ट्रल स्कॅन कमी-जास्त ताकदीच्या किरणांनी बघतो, त्यामुळं हाडातलं कॅल्शियम वेगळं ओळखू येतं आणि युरिक ॲसिडचे खडे वेगळे. अंगात पाणी कमी पडलं की हे खडे सांध्यात साठू शकतात, त्यालाच गाऊट म्हणतात. त्या खड्यांना संगणक हिरवा रंग देतो. पडद्यावर अंगठ्याचा सांधा हिरवागार झाला, घोटाही झाला. हाड सडलेलं नव्हतं. प्रांजलीला नाचावंसं वाटलं. मॅडमनी खुर्ची पुढं ओढली, दोनदा पाहिलं आणि सर्जनला स्वतः फोन लावला. संध्याकाळी सुईनं सांध्यातलं पाणी काढून तपासलं, तेच खडे निघाले. ऑपरेशन रद्द झालं.

"म्हंजी काटा नव्हताच?" सोनाजीनं विचारलं. तो आधी रुसला. मग अंगठा राहणार हे ध्यानात आलं आणि त्या थोराड माणसानं पटक्यात तोंड लपवून रडून घेतलं. औषध सुरू झालं, पाणी भरपूर प्यायची ताकीद मिळाली.

तीन महिन्यांनी दवाखान्यासमोरच्या नव्या रस्त्यावर हॉर्नचा गोंगाट उठला. पूर्वी हे सगळं चराऊ रान होतं. प्रांजलीनं खिडकीतून पाहिलं. गाड्या अडवून मेंढरं रस्ता ओलांडत होती आणि मागून सोनाजी दोन्ही पाय दणदण टाकत येत होता. तिला पाहून तो थांबला, खांद्यावरची बाटली काढली आणि तिच्यादेखत घटाघटा रिकामी केली.

"आधी मी प्यालो, पोरी," तो ओरडला. "आता मेंढरं."