ओल्या मातीचा आकडा

महिपतला जाऊन तीन दिवस झाले, तरी इंद्रलोक वसाहतीतला तो खड्डा कुणी बुजवला नव्हता. ठेकेदाराच्या साहेबांनी अहवाल मात्र हातोहात लिहून टाकला: मजुराने सांगितल्यापेक्षा खोल खणले, पहार विजेच्या केबलला लागली. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, ही साहेबलोकांची मोठीच सोय.

खरं काय ते उदयला ठाऊक होतं. जमिनीखालची केबल शोधणारं रडार तोच चालवायचा.

रडारची लहर केबलवर आपटून परत येते आणि तिला लागलेल्या वेळावरून मशीन खोली सांगतं. पण लहर कुठल्या पदार्थात किती रेंगाळणार, हे तो पदार्थ विजेला आणि चुंबकाला किती दाद देतो यावर ठरतं. साधी माती चुंबकाला दाद देत नाही. उरतो तो विजेला दिलेल्या दादेचा आकडा, पराविद्युतांक. कोरड्या मुरमाचा सहा, ओल्या चिकणमातीचा पंचवीस. त्यांची वर्गमुळं म्हणजेच अपवर्तनांक, लहर किती पट मंदावते तो आकडा: जेमतेम अडीच आणि पाच. म्हणजे ओल्या मातीत लहर निम्म्याच वेगानं चालते.

अपघाताच्या आदल्या दिवशी काम काशीगावच्या कोरड्या उतारावर होतं. तिथं मशीनमध्ये भरलेला सहाचा आकडा उदयनं बदललाच नाही. इंद्रलोकला पाइप गळून माती चिकचिकीत झालेली. लहर उशिरा परतली, मशीनला वाटलं केबल खोल आहे. पडद्यावर आलं एक मीटर साठ. केबल होती ऐंशी सेंटिमीटरवर.

“मीटरभर बिनधास्त खण,” तो महिपतला म्हणाला होता. बुटाला बोटभर चिखल लागलेला असताना म्हणाला होता, गाढव.

दुपारी महिपतची बायको गोदूबाई खड्ड्यापाशी उभ्या उदयकडे आली.

“साहेब, एकच इचारायचं व्हतं. समदे म्हनत्यात, त्यांनी आगाऊपणा केला. केला का?”

नोकरी जाईल, पोलीस येतील, हे उदयला दिसत होतं. त्याला भीती वाटत होती, चांगलीच.

“नाही. मी सांगितलं तेवढंच खणलं त्यांनी. मीच चुकीचं सांगितलं. तसं लिहून देतोय मी.”

ती रडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पयले दोन फुटांच्या खाली पहार लावत नव्हते ते,” ती म्हणाली. “बसून हातानं माती उकरायचे. तुमचं मशीन आलं तवापासून सोडलं. म्हनायचे, आता उदयसाहेबांना आतलं दिसतंय.”