एक वाडगा कमी

वळणाच्या डोहातला म्हातारा मिशाळ मासा हाती लागला तर आपल्या पदरात काय पडणार, याचा हिशेब ऐतमुरातने मनाशी कितीदा तरी मांडला होता. मांस होतं, पण एकट्या माणसाचं पोट ते केवढं. चरबी होती, गुडघ्यांना चोळायला. शेजारच्या दुयसेनची बदकं वाचणार होती, पण तो नफा दुयसेनचा. खरी कमाई यांतली कुठलीच नव्हती. खरी कमाई होती एक जेवण.

गावात नवं बिऱ्हाड येऊन राहिलं की शेजारपाजारचे त्याला जेवायला बोलावतात. त्याला एरुलिक म्हणतात. ते झालं की बिऱ्हाड गावचं झालं. आता तसं पाहिलं तर ऐतमुरात जेवला नाही असं एक घर गावात नव्हतं. वरची जागा त्याची, मेंढ्याचं डोकं त्याच्यापुढे, पहिला चहा त्याला. पण हे सगळं पाहुणा म्हणून. तो इथे आला होता तो मुलीचा बाप म्हणून, जावयाच्या दारी. व्याह्याचा मान मिळाला आणि मिळतच राहिला. पुढे जावयाला अल्माटीत काम लागलं, मुलगी गुलपारशिन नवऱ्यामागे गेली, घर बापाच्या हवाली झालं. पाहुणा मात्र होता तिथेच राहिला. रस्त्यात भेटेल तो छातीला हात लावून अदबीने विचारायचा, "आगा, निघायचं कधी?"

मुलगीही फोनवर तेच विचारायची. गरम नळ आहे, लिफ्ट आहे, या. ऐतमुरात हो-नाही काहीच बोलत नसे. तो मुयनाकचा. तिथला समुद्र त्याच्या डोळ्यांदेखत मागे मागे सरकत गेला आणि होड्या वाळूत उभ्या राहिल्या. एकदा पाण्याने माणसाला सोडलं होतं. आता इली नदीसारखी नदी दाराशी असताना माणसाने पाण्याला सोडावं, हे त्याला पटत नव्हतं.

एकट्या म्हाताऱ्यासाठी घरोघरून वाडगी येत. कधी रस्सा, कधी तळलेले बाउरसाक. वाडगा रिकामा परत करायचा नाही हा तिथला नियम, म्हणून पहिल्या पहिल्यांदा तो त्यात मासे घालून परत नेई. त्याला कळून चुकलं की वाडगा परत गेला की दार बंद होतं. देणंघेणं फिटलं, राम राम. मग त्याने वाडगी ठेवून घ्यायला सुरुवात केली. फळीवर एकात एक चढत गेली. कोणीतरी आपला वाडगा मागायला येईल, उंबऱ्यात टेकेल, दोन शब्द बोलेल, असा त्याचा डाव होता. कोणी आलं नाही. पाहुण्याकडे भांडं मागायला कोण जातं?

अशात दुयसेनने दुकानापाशी चारचौघांत तोंड उघडलं. दुयसेन म्हणजे शेजारचं घर. मोठा आवाज, मोठं पोट, आणि बदकांवर पोटच्या पोरांसारखी माया. त्या उन्हाळ्यात मिशाळाने त्याच्या बदकांची पिल्लं एकेक करून खाली ओढली होती.

"आगा, तुम्ही म्हणे समुद्रावरचे कोळी. काढा ना त्या चोराला. काढलात तर मेंढा कापतो, अख्खं गाव बोलावतो."

लोक हसले. ऐतमुरात हसला नाही. मेंढा, शेजारी आणि अख्खं गाव, एवढ्यांची बेरीज त्याच्या मते एकच होत होती: एरुलिक.

त्याच्याकडे होडी नव्हती. मालट्रकची एक जुनी ट्यूब होती. तिच्या भोकात त्याने जाळ्याचे तुकडे विणून बैठक केली होती. रबरी विजार चढवायची, बैठकीत बसायचं, आणि मांड्यांपर्यंत पाण्यात लोंबणारे पाय वल्ह्यासारखे हलवत जायचं. दुयसेन काठावरून ओरडायचा, "आगा, तो बदकं खातो, आणि तुम्ही त्याच्यापुढे बदक होऊन बसता!"

दुसरं हत्यार क्वोक. जर्दाळूच्या लाकडाचा वाकडा हातभर तुकडा, टोकाला नाण्याएवढी चपटी टाच. मुयनाकला असताना स्वतः तासलेला. टाच पाण्यावर अशा बेताने मारायची की पाणी आवंढा गिळल्यासारखं 'ग्लुक' करतं. तो आवाज तळापर्यंत जातो आणि तळाचा मिशाळ वर येतो. का येतो ते कोणाला ठाऊक नाही. कोणी म्हणतं, त्याला मादी वाटते. कोणी म्हणतं, बेडूक वाटतो. दुकानापाशी एकदा ऐतमुरातला विचारलं तर तो म्हणाला, "एकटा असतो. कोणीतरी बोलावतंय असं वाटतं, म्हणून येतो." त्यावर खूप हसणं झालं.

बरेच दिवस डोहाने दाद दिली नाही. सकाळी धुकं पाण्याला टेकलेलं असताना तो उतरे, उजव्या हाताने क्वोक मारी, डाव्या हातात दोरी धरी. दोरीच्या टोकाला मोठा गळ आणि गांडुळांचा झुबका, तळापासून जरा वर टांगलेला. प्रवाह ट्यूबला हळूहळू वळणावरून नेई. वळण संपलं की काठाकाठाने चालत मागे यायचं आणि पुन्हा उतरायचं. ग्लुक, ग्लुक, ग्लुक. थोडं थांबायचं. पुन्हा. बोरूच्या बेटात एखादी पाणकोंबडी दचकायची, एवढाच प्रतिसाद.

मग एका सकाळी दोरी नुसती जड झाली. झटका नाही, काही नाही. कोणीतरी खालून हात धरावा तशी. ऐतमुरातने क्वोक मांडीखाली सारला आणि गळ बसवला. डोह एकदम खालून उसळला. ट्यूब गर्रकन फिरली आणि प्रवाहाच्या उलट दिशेने चालू लागली. दोरी हाताला गुंडाळायची नाही, हे त्याला बापाने मारून शिकवलेलं होतं. म्हणूनच तो वर राहिला. दोरी तळव्यातून सुटत होती, तळवा जळत होता, पाण्याचा लोट ट्यूबवरून छातीवर येत होता. हाक मारायला काठावर कोणी नव्हतं, तेव्हा तो माशाशीच बोलू लागला, आपल्या मुयनाकच्या बोलीत. इथले लोक त्या बोलीची नक्कल करत. माशाने केली नाही. मुलगी गेल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी ऐतमुरातला कुठेतरी ओढून नेत होतं.

ऊन वर आलं तेव्हा मासा थकला. ट्यूबच्या कडेला रुंद, चपटं डोकं वर आलं. लांब मिशा, आणि त्या देहाला न शोभणारे बारीक डोळे. ऐतमुरातने हातमोजा चढवून त्याच्या खालच्या जबड्यात हात घातला. कानशीसारखे दात मोज्यात रुतले. दोघेही तसेच थोडा वेळ राहिले.

"आलास तर," ऐतमुरात म्हणाला.

धक्क्यावर आणला तेव्हा मासा त्याच्याहून लांब भरला. दुयसेनने भोवती एक फेरी मारली, पोटाला बोटाने टोचून पाहिलं, जणू बदकं अजून आत असतील.

"बोललो ते बोललो, आगा. शुक्रवारी मेंढा."

गावात शिरायचं तर अंगावर कोणाचं देणं ठेवून शिरू नये, असं ऐतमुरातने ठरवलं. मांसही एकट्याला संपणारं नव्हतं. त्याने फळीवरची वाडगी उतरवली, एकेक माशाने भरली आणि त्याच संध्याकाळी घरोघर पोचवली. एकच वाडगा ठेवला: दुयसेनच्या बायकोचा, बाल्झानचा, निळा, काठाचा टवका उडालेला. त्यांचा वाटा त्याने कागदात बांधून दिला. ज्या घरी जेवायला जायचं, त्या घराशी आधीच हिशेब मिटवणं बरं दिसत नाही.

पुढचे दिवस सुखाचे गेले. माणसं एकाएकी मऊ झाली. दुकानदारीण त्याचा हात दोन्ही हातांत धरून उभी राहिली. एकीने गुलपारशिनच्या मुलासाठी लोकरी मोजे आणून दिले. "आपल्या गावाने तुमचं काही केलं नाही हो, आगा," असं एक म्हातारी म्हणाली आणि डोळे पुसले. तिच्या तोंडचं 'आपल्या' त्याने रात्री अंथरुणात पुन्हा पुन्हा ऐकलं.

शुक्रवारी तो वरच्या जागी बसला. मेंढ्याचं डोकं त्याच्यापुढे आलं. त्याने कान कापून सगळ्यात धाकट्या पोराला दिला. बाल्झान चहा ओतत होती. कप काठोकाठ भरला तर 'आता उठा' असा अर्थ होतो. ती दर वेळी तळाशी घोटभर ओतायची आणि कप लगेच परत मागायची.

मग दुयसेन बोलायला उठला. म्हणाला, आम्ही काही आंधळे नाही. आगांनी सगळी वाडगी एका संध्याकाळी भरून परत केली, तेव्हाच गाव समजून गेलं. असं नीट आवरून निघणारा पाहुणा आजकाल कुठे मिळतो? मेंढा माशाचा होताच, आता तो निरोपाचाही समजा. मग गावातले सगळ्यात वडीलधारे मोल्दाखान यांनी तळहात वर केले. सगळ्यांनी केले.

"वाट पांढरी होवो, पोरा. लेकीच्या घरी सुखाने पोच."

ऐतमुरातचेही हात वरच होते. एका वाक्याचं काम होतं. त्याने त्या वाक्याची किंमत काढली. नाही जात म्हटलं तर दुयसेनचा मेंढा चुकीच्या कारणाने कापला गेला. भर मैफलीत त्याचं हसं. म्हाताऱ्याचा आशीर्वाद हवेत लोंबकळणार. मोजे परत, आसवं परत. आणि उद्यापासून तो गावचा होणार नव्हताच. निरोप घेऊनही न गेलेला पाहुणा होणार होता. त्याने तळहात चेहऱ्यावरून खाली फिरवले आणि सगळ्यांबरोबर 'ओमिन' म्हटलं.

बस सकाळची होती. दुयसेनने गाठोडं वर चढवून दिलं आणि ड्रायव्हरशी भांडायला पुढे गेला. बाल्झान ऐतमुरातजवळ आली.

"आगा, माझा वाडगा आला नाही."

तो पिशवीची गाठ सोडू लागला. तिने हात धरला.

"काढू नका. मी ह्यांना म्हटलं होतं, जाणारा माणूस वाडगा ठेवून घेत नाही. हे म्हणाले, पुरुषमाणसं वाडगी विसरतात."

"मी विसरलो नव्हतो, बेटा."

"ते कळलं हो मला. पण तोवर मेंढा कापून झाला होता." तिने पिशवीची गाठ पुन्हा आवळली. "राहू द्या तुमच्याकडे. आणाल तेव्हा भरून आणा."

तेव्हा हिशेब असा: दुयसेनचा एक मेंढा गेला आणि एक ट्यूब आली, तिच्यात आता त्याची बदकं बसतात. मुलीला बाप मिळाला. गावाने आसवं आणि आशीर्वाद दिले, त्यांत त्याचं फारसं काही गेलं नाही. कोणीतरी बोलावतंय असं वाटून वर आलेल्या मिशाळाने जीव दिला. ऐतमुरातने नदी दिली. आणि अल्माटीत, सहाव्या मजल्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर टवक्याचा एक निळा वाडगा रिकामा पडून आहे. गावाचं एवढंच देणं त्याच्या नावावर राहिलं आहे, आणि ते फेडायची त्याला मुळीच घाई नाही.