टॉवेलची दांडी

गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या बाथरूममध्ये धरायच्या दांड्या मिस्त्रींनीच बसवलेल्या. काम झालं की स्वतः तिला लोंबकळून दाखवायचे आणि वर सुनवायचे, या वयात हाड मोडलं की माणूस मोडतो. घरी मात्र सगळा कोरडा पाषाण. बायको वर्षभर मागे लागली होती. आपण काय म्हातारे झालो, म्हणत त्यांनी शेवटी टॉवेलची दांडी लावली. नाजूक, चकचकीत, बारक्या स्क्रूंवर. हीच धरत जा, म्हणाले.

तिने धरली. दांडी भिंतीतून उपटून हातात आली आणि खुब्याचं हाड मोडलं.

धरायला काही नव्हतं का, डॉक्टरांनी विचारलं. मिस्त्रींना एकाएकी खिडकीबाहेरचं झाड फार आवडू लागलं. बायकोच म्हणाली, होतं की, मीच वेंधळी, घाईत पाय घसरला. मिस्त्रींना हायसं वाटलं आणि तसं वाटल्याचीच लाज वाटली. तरी घरी जाऊन त्यांनी दांडी माळ्यावर टाकली, भिंतीची भोकं बुजवली. ते काम मात्र चोख केलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू दवाखान्यात भेटायला आल्या. तुमच्या दांडीवरच माझं म्हातारपण उभं आहे, म्हणाल्या; आणि वहिनी, असा नवरा घरात असून तुम्ही पडलात, कमालच केलीत. बायको कसनुशी हसली.

तेवढ्यात लेक आली. तिने निकालच लावला: आईला एवढंही भान राहत नसेल, तर आता ती कायमची माझ्याकडे.

"माझं घर आहे गं ते," बायको पुटपुटली. मिस्त्रींकडे तिने पाहिलंही नाही. तेच त्यांना लागलं.

"तिचा पाय घसरला नाही," मिस्त्री म्हणाले. "धरायची दांडी नव्हतीच. टॉवेलची होती. मी लावलेली. धर म्हणालो, तेही मीच."

लेक बापाकडे बघत राहिली. मग काकूंनी हळूच विचारलं, "आमची तरी नीट आहे ना हो?"

"मी माझ्याच घरी जाणार," बायको लेकीला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आणि अहो, दांडी बसवायला दुसरा मिस्त्री बोलवा."

गल्लीच्या टोकाला एक होता. आजवर मिस्त्री चारचौघांत त्याच्या कामाला हसत आले होते. ते उठले आणि त्याच्याकडे निघाले.