कप्तानाच्या बायकोची खिडकी

आमच्या टेकडीवरचे मनोरे बघायला लोक बोटी भरभरून येतात. बंदरातून मान वर केली की ओळीनं दिसतात. कुणाचं टोक निमुळतं, कुणाला रंगीत काचा, कुणाच्या डोक्यावर वाऱ्यानं फिरणारा लोखंडी कोंबडा. पोस्टाच्या तिकिटावरसुद्धा छापलेत. आता तुम्हाला म्हणून सांगते, ते सगळे संडास आहेत.

हसू नका. टेकडी अख्खी कातळाची, खड्डा खणायला गेलं की पहार वाकते. मग जुन्या लोकांनी डोकं चालवलं आणि संडास नेऊन ठेवला घराच्या डोक्यावर. वास वाऱ्यावर, बाकीचं नळातून उतारावर. एकानं बांधला, शेजाऱ्याला झोंबलं, त्यानं आणखी उंच बांधला. घरं रंगवायची गोदीतल्या उरल्यासुरल्या रंगानं, पण मनोऱ्याला नवा डबा फोडायचा. एवढी हौस, आणि उघड बोलायची मात्र चोरी. आमच्या टेकडीवर माणूस फक्त ‘जरा वर जाऊन येतो’.

रोज दिवेलागणीला एक गाईड टोळकं घेऊन आमच्या मनोऱ्याखाली उभा राहतो. पाठ केल्यासारखं बोलतो म्हणून आम्ही त्याला पोपट म्हणतो. “त्या खिडकीत कप्तानाची बायको दिवा लावून जहाजाची वाट बघायची,” असं तो सांगतो, आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या सासूबाई वर दिवा लावून बसलेल्या असतात. लोक फोटो काढतात. काहींचे डोळे भरून येतात.

मला याचं हसू यायचं बंद झालं ते सासूबाई त्या गोल जिन्यावरून घसरल्या तेव्हा. गुडघे आधीच कामातून गेलेले, आता एकेक पायरी बसून चढतात. मनोऱ्याच्या पायथ्याशी रिकामी खोली आहे, नळ तिथूनच खाली जातो. भिंतीला एक दार पाडलं की खालीच सोय होईल. पण हेरिटेज समिती म्हणते, ऐतिहासिक भिंतीला हात लावायचा नाही. मी म्हटलं, “आई, खरं काय ते सांगून टाकू या ना.” तर माझ्यावरच उखडल्या.

“परक्या माणसांपुढं संडासाच्या गोष्टी करशील? तोंड उघडलंस तर बघ!”

शेवटी समितीचे अध्यक्ष स्वतः पाहणीला आले. भली मोठी दाढी, आणि इतिहासाचं सगळं ज्ञान जमिनीवरूनच, कारण जिना चढायचा कंटाळा. सासूबाईंनी त्यांना चहावर चहा पाजला. तो पीत पीत ते म्हणाले, “हा मनोरा म्हणजे दगडातली विरहिणी आहे. दार पाडणं म्हणजे तिच्या काळजाला भोक पाडणं!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथं म्हातारी पायऱ्यांवर सरपटतेय आणि याला दगडाच्या काळजाची पडलीय! ‘परवानगी नाही’ हे त्यांच्या ओठावर आलंच होतं, तेवढ्यात त्यांनी पायावर पाय दाबून धरला.

“जरा... आपल्याकडे बाथरूम कुठं आहे?”

मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी छताकडे बघितलं. दाढीवाल्यांची चुळबूळ वाढत चालली.

“लांब आहे का हो?”

शेवटी सासूबाईंनाच दया आली. “वर जा, साहेब,” त्या पुटपुटल्या.

“विरहिणीकडं,” मी म्हटलं. मला राहवलंच नाही.

ते धाडधाड वर गेले. बराच वेळ काही हालचाल नाही. तेवढ्यात बाहेर पोपटाचा आवाज आला, “आणि त्या खिडकीत बघा...” सगळ्यांनी बघितलं. दिव्याच्या उजेडात दाढी! एक बाई म्हणाली, “अगंबाई, कप्तान परत आला वाटतं.”

साहेब खाली आले ते शेवटच्या पायरीवरच बसले. सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या, “माझे हे जहाजावर आचारी होते. कप्तानबिप्तान कुणी नव्हतं. घर माणसांनी भरलेलं, एकटीनं बसायला तेवढीच जागा. कडी लावायची आणि बंदराकडं बघत बसायचं. त्यांचं जहाज दिसलं की पोटभर रडून घ्यायचं, मग तोंड धुऊन खाली यायचं.”

सासरे जाऊन कैक वर्षं झाली, आणि मला आपलं वाटायचं की या बाईला बद्धकोष्ठ आहे.

“दार मंजूर, आजी,” साहेब म्हणाले.

“आणि खिडकी?”

मी कपाळावर हात मारला. दार मिळालं ते काय कमी होतं!

साहेबांनी दाढी खाजवली. “वरून बंदर छान दिसतं खरं,” ते म्हणाले. “खालीही काढा एक. समुद्राच्या बाजूला.”

आता सासूबाई खालीच बसतात, कडी लावून, दिवा लावून. वरचा दिवा आम्ही बाकीचे लावतोच. पोपटानं दोन खिडक्या बघितल्या आणि गोष्ट वाढवली. कप्तानाला म्हणे दोन बायका होत्या, वरची थोरली आणि खालची धाकटी.

रोज दिवेलागणीला तो हे सांगतो, आणि रोज खालच्या खिडकीतून सासूबाई ओरडतात, “मेल्या, दोन्ही मीच!”