‘अहो’तला ह

डॉक्टर आजींना म्हणाले, “गाठ वाईट आहे. स्वरयंत्र काढावंच लागेल.” त्या दिवशी मी डॉक्टरांच्याच कपाटात, खोक्यात पडून होतो. आजोबांनी विचारलं, “म्हणजे ही आता बोलणार नाही?”

“बघा, किती आनंद झालाय यांना!” आजी म्हणाल्या. पण आजोबांची बाही त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

मित्रांनो, मी एक जुना आवाज आहे. दिसायला टॉर्चएवढा. गळ्याला टेकवून बटण दाबलं की मी गुणगुणतो आणि जीभ, ओठ, दात त्या गुणगुणण्याचे शब्द घडवतात.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला आजींच्या हाती दिलं. व्यंजनांनी मात्र आमचा घाम काढला. मी सतत गुणगुणणार, त्यामुळे ‘प’चा ‘ब’ व्हायचा, ‘क’चा ‘ग’. आजी शिवणकाम करायच्या. त्यांनी कात्री मागितली की आजोबा विचारत, “गादी? आत्ता? भर दुपारी?” मग आजींना माझ्यासह बोलायला शिकवणाऱ्या दवाखान्यातल्या ताईंनी युक्ती दाखवली. जीभ टाळूला घट्ट दाबायची, तोंडातलीच हवा फटकन सोडायची आणि तेवढ्यापुरतं माझं बटण सोडायचं. हळूहळू कात्री मिळू लागली.

‘ह’ काही येईना. त्याला छातीतला श्वास लागतो आणि आजींचा श्वास आता गळ्याला केलेल्या छिद्रातून परस्पर बाहेर जायचा. ‘ह’ नाही तर ‘अहो’ नाही! लग्न झाल्यापासून त्यांनी आजोबांना दुसरी हाकच मारली नव्हती. ‘अओ, अओ’ करून त्या थकल्या, रडल्या आणि मला सुईदोऱ्याच्या डब्यात टाकून दिलं. मग नुसत्या टाळ्या वाजवून बोलवायच्या. आजोबा टाळीला यायचे, पण त्यांचा चेहरा उतरलेला असायचा.

एका सकाळी आजींनी मला बाहेर काढलं, गळ्याला लावलं आणि म्हणाल्या, “अरे!”

आजोबांच्या हातातला पेला हिंदकळला. “काय म्हणालीस?”

“अरे, इकडे ये. दोरा ओव.”

“अगं, नातवंडांसमोर तरी...”

“मग ते अक्षर आणून दे!”

आजोबा हसत हसत दोरा ओवायला बसले. पुढे शिवताना आजींचे दोन्ही हात गुंतले की तेच मला त्यांच्या गळ्याला धरत आणि स्वतःच्या हातानं बोलणी खात.

आजी जाऊन आता वर्ष होत आलं. आजोबा मला पुसतात, चार्जिंगला लावतात. ताईंचा निरोप आला आहे. एका बस कंडक्टरचं स्वरयंत्र काढलंय, त्यांना माझी गरज आहे. मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाच्या उपयोगाचं असं काही पडून असेल, तर ते नीट पुसून त्याला पोचवा. आजोबांनी ताईंना ‘उद्या येतो’ असं सांगितलंय. रोज सांगतात. आम्ही अजून निघालेलो नाही.