मंगळीची हरकत

लखमाने दारू सोडली, त्याचा पाड्यावर सगळ्यात जास्त ताप कुणाला झाला असेल तर तो मंगळीला. पिणारा लखमा तिला पाठ होता. कुठल्या वळणावर अडखळणार, कधी रडणार, कधी कामाला उठणार, सगळं ठरलेलं. हा नवा माणूस मात्र तिच्या हिशेबात बसत नव्हता. पहाटे उठून दोन हंडे घेऊन विहिरीवर जायचा. पाड्यावरचे बाप्ये आजवर विहिरीत डोकावले होते ते पडलेली बादली काढायलाच, तेही बायकांनी शिव्या घातल्यावर.

मुरबाडला एका बांधकामावर बिगारी करताना तिथल्या गवंड्याने त्याला येशूच्या प्रार्थनेला नेलं, तेव्हापासून हे सुरू झालं. दर रविवारी लखमा शेणव्याहून जीप पकडून मुरबाडला जायचा आणि त्यासाठी शनिवारी संध्याकाळी स्वतःचा शर्ट स्वतः धुवायचा. मंगळीने तो वाळत घातलेला शर्ट एकदोनदा हुंगून पाहिला. साबणाचाच वास आला. तिचा संशय आणखी वाढला.

मंगळीची रीत अशी, की शेजारणीने वाटीभर वाल दिले तर ते मागच्या कुठल्या वाटीच्या बदल्यात आले हे तिला लगेच आठवायचं, आणि नाहीच आठवलं तर पुढे कधीतरी मागणी येणार म्हणून ती तयारीत राहायची. फुकट कुणी काही देत नाही. मग हा माणूस रोज दोन हंडे पाणी देतोय, त्याची मागणी कधी येणार?

त्यातच लाकडाचा प्रकार झाला. दोघं रानातून मोळ्या घेऊन येत होते. वाटेत जंगलखात्याचा गार्ड भेटला. ‘पडलेलं लाकूड ना रे?’ त्याने सवयीने विचारलं. याचं उत्तर सगळं रान एकच देतं.

‘तोडलेला हाय, साहेब,’ लखमा म्हणाला.

गार्डचीच पंचाईत झाली. नाइलाजाने त्याने मोळ्या ठेवून घेतल्या आणि मंगळीकडे असं बघितलं, की बाई, याला बरं नाही का?

‘तुझा देव आता चूल पण पेटवणार काय?’ वाटेत मंगळीने विचारलं.

‘उद्या पडलेला गोळा करू. लांब जावं लागंल, पण करू.’ मग तो थांबला. ‘मंगळे, एक सांगायचं व्हतं.’

‘सांग.’

त्याने वाळलेल्या गवताकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. ‘काय नाय. कालची आमटी चांगली झालेली.’

इतक्या वर्षांत लखमाने आमटीला नावं ठेवली होती, चांगली कधी म्हटलं नव्हतं. मंगळी सावध झाली.

कारण तिचं लग्न झालेलं नव्हतं. पाड्यावर त्यात नवल काही नाही. माणूस आवडला की बाई घरात येते. हळद आणि पंगत पुढे, हातात पैसा असेल तेव्हा. मंगळी अशीच लखमाच्या मागून आली, पंगत आज देऊ, पुढच्या साली देऊ, असं होत राहिलं आणि त्यांचा ऋतिक आता आश्रमशाळेत मिशीला कात्री लावत होता. पण शेजारची जना? तीही अशीच आली होती. तिच्या माणसाने एके दिवशी रीतसर लग्न लावून दुसरी आणली आणि जनाला सांगितलं, तुझं काय लग्न लागलंय? जना एक टोप आणि दोन लुगडी घेऊन बाहेर पडली. लखमाचं घरकुल लखमाच्याच नावावर होतं. मंगळीच्या नावावर काय, तर चूल.

आणि बातमी आणली ती जनानेच. ती आवळे विकायला मुरबाडला बसली होती.

‘मंगळे, बस आधी,’ जना म्हणाली. ‘प्रार्थनेला जाणारी एक बाई आवळे घेत व्हती. मला म्हणाली, तुमच्याकडचा लखमा ना, त्याचं लगीन हाय. दोन रविवार नाव वाचून झालं.’

‘कुणाशी?’

‘विचारणार तवर तिची जीप आली. पण एक सांगितलान. येत्या रविवारी परत वाचणार. कुणाची हरकत असंल तर तवाच उभं राहून सांगायचं. मागनं कुणी बोलायचं नाय.’

मंगळी उठून चालू लागली. जनाला वाटलं, ती घरी जाऊन लखमाचं मुंडकं धरेल. पण मंगळीने त्याला विचारलंच नाही. पूर्वी विचारलं असतं. तेव्हा तो खोटं बोलला असता, हिने भांडी आपटली असती, निभावलं असतं. आता त्याने खरं सांगितलं असतं. त्याचीच तिला भीती वाटली.

रविवारी लखमा पुढच्या जीपने गेला आणि मंगळी जनाला घेऊन मागच्या जीपने.

एसटी स्टँडच्या मागे पत्र्याची एक खोली होती. बाहेर चपला ओळीत. आत एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बाया, आणि समोर पंकज पास्टर, शाळामास्तरासारखा दिसणारा बारीक माणूस. मंगळी दाराशीच बसली आणि बायांवरून एकेक करत नजर फिरवू लागली. ही म्हातारी, ही लेकुरवाळी, हिला दात नाहीत. तिसऱ्या ओळीत एक ठसठशीत बाई होती, गालाला खळी. ती गाणं म्हणताना डोळे मिटायची. हीच ती, मंगळीने ठरवलं. डोळे मिटून गाणारी बाई सरळ असूच शकत नाही.

गाणी झाली, प्रार्थना झाली. पास्टरने वही उघडली. ‘लग्नाची सूचना तिसऱ्या वेळी वाचतो. लखमा भगीरथ पारधी आणि…’

‘हरकत हाय,’ मंगळी उभी राहिली.

सगळ्या माना वळल्या. लखमाची वळली आणि तिथेच राहिली.

‘बाई, आधी नाव तर ऐका,’ पास्टर म्हणाला.

‘नाव कुणाचं पण असू दे. याच्या घरात मी हाय. याचा पोरगा माझा हाय.’

‘मंगळी धाऊ मेंगाळ,’ पास्टरने वाचलं.

बापाचं नाव लावून तिला कित्येक वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. क्षणभर मंगळीला या मंगळी धाऊ मेंगाळचाही राग आला. मग डोक्यात उजेड पडला. खोलीत खसखस पिकली. खळीवाली बाई तर पदरात तोंड घालून हसत होती.

‘मग आता हरकत नाही ना?’ पास्टरही हसत होता.

‘हाय,’ मंगळी म्हणाली. ‘मला कुणी विचारलाच नाय.’

हसणं थांबलं. पास्टरने लखमाकडे बघितलं. ‘लखमा, तू यांना विचारलं नाहीस?’

‘रोज विचारणार व्हतो,’ लखमा जमिनीकडे बघत म्हणाला. ‘तोंड उघडायचो आन् आमटीवर यायचो.’

‘तीन रविवार अख्ख्या मुरबाडला सांगितलास,’ मंगळी म्हणाली, ‘आन् चुलीपाशी सांगायला तोंड नव्हता? आन् तुमी, पास्टर? बाई कुठं हाय, ती काय बोलते, हे तुमाला बघावासा वाटला नाय?’

पास्टरला उत्तर देता आलं असतं. तो बोलणारा माणूस होता. पण त्याने वही मिटली. ‘चूक माझी आहे. मी घरी येऊन तुम्हाला भेटायला हवं होतं. सूचना मागे घेतो.’

‘अगो वेडे,’ जना तिच्या कानाशी पुटपुटली, ‘हातातला घालवलास.’

परतीच्या जीपमध्ये तिघं मागच्या बाकावर होती. मधे जना. मंगळी तिच्या डोक्यावरून बोलत होती.

‘लगीन करून मला पण तिथं बसवणार काय?’

‘नाय. तुझा देव तुझ्याकडं. पास्टरला पण तसाच सांगितलाय.’

‘पास्टर बोलला म्हणून लगीन करतोस?’

लखमाने जरा विचार केला. ‘तो बोलला तवा लाज वाटली. पण ती माझीच व्हती, जुनी.’

‘आन् पाणी कशाला भरतोस?’

‘तुझी मान दुखते.’

‘मान कधीची दुखते.’

‘तवा मला दिसत नव्हती.’

मंगळीने हे उत्तर उलटंपालटं करून पाहिलं. फारच गोड होतं. ‘हे तिथं शिकवलेला दिसतंय,’ ती जनाला म्हणाली. जनाने दोघांच्याही बाजूने मान हलवली.

किन्हवली आली. मंगळीचं माहेर इथून पायी थोडंच. तिला नेल्यापासून लखमाने त्या पाड्यावर शुद्धीत पाऊल ठेवलं नव्हतं. एकदाच गेला होता, तो पिऊन, आणि सासऱ्याला अंगणात शिव्या देऊन परत आला होता.

‘विचारायचंय ना? मग माझ्या बाला विचार,’ मंगळी म्हणाली. ‘मागणी बापाकडं घालतात.’

‘आज?’

‘का? तुझा धीर काय फक्त रविवारी सकाळचा असतो?’

लखमा उतरला. जीप हलली तशी मंगळीने हाक मारून ती थांबवली आणि तीही उतरली.

‘तू कुठं गो?’ जनाने विचारलं.

‘बघते, खरंच जातो की पिंपळाखाली बसून येतो.’

तो खरंच गेला. ती बरंच अंतर ठेवून मागे. धाऊ म्हातारा अंगणात दोर वळत बसला होता. लखमाने चपला काढल्या आणि उन्हातच उभा राहिला. ‘बाबा, तुमची पोरगी मागायला आलोय.’

म्हाताऱ्याने दोर खाली ठेवला नाही. ‘उशीर केलास. कुठं व्हतास?’

‘पिऊन पडलेलो.’

‘मग आता सांग,’ धाऊ म्हणाला, ‘माझ्या पोरीला कसं ठेवलंस.’

मंगळी पुढे येऊन ओटीच्या कडेला टेकली. हे तिला ऐकायचंच होतं. त्याने काही गाळलं असतं तर तिने तिथल्या तिथे भरलं असतं. पण लखमा गाळत नव्हता. मारलं, म्हणाला. ऋतिक तापात असताना गुत्त्यावर होतो, म्हणाला. तिचं मनातल्या मनात जुळत होतं, हे बरोबर, हेही बरोबर.

‘आन् तिची पांढऱ्या कानाची शेळी,’ लखमा म्हणाला. ‘बिबट्यानं नेली म्हणून सांगितलं. बिबट्या नव्हता. मी नेली, गुत्त्यावर.’

मंगळीचा हिशेब थांबला. ती शेळी बिबट्याने नेली म्हणून तिने वाघोबाला नारळ दिला होता. शेळी लखमाने नेली हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी कधी विचारलंही नसतं. पाणी भरण्यामागे मतलब असू शकतो, आमटी चांगली म्हणण्यामागे असू शकतो. पण हे सांगून लखमाच्या पदरात काय पडणार होतं? तिने सगळीकडून शोधलं. काहीच सापडेना.

धाऊने दोर बाजूला ठेवला आणि लेकीकडे वळला. ‘द्यायची काय तुला?’

मंगळीने लखमाकडे बघितलं.

‘दे,’ ती म्हणाली. ‘पण त्याला सांग, शेळी गाभण व्हती.’