टेकायचा टोल

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, हायवेवर गाड्या अडवतो तो टोल मी नव्हे. मी रुळाचा एक जुना, गंजका तुकडा. बारामतीचे जुने रूळ बदलले तेव्हा माझी भावंडं भट्टीत गेली आणि मी भंगाराच्या दुकानापुढे उन्हात पडून राहिलो. तिथून मला कन्हेरी गावच्या आप्पासाहेबांनी उचललं. डाळिंबं निवडून खोक्यांत भरायची शेड त्यांनी नुकतीच उभी केली होती. शेडपुढच्या चिंचेला त्यांनी मला साखळीने टांगलं आणि शेजारी एक लोखंडी गज अडकवला. मी पहिल्यांदा वाजलो तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. इतकी वर्षं चाकांखाली काढली, पण आपल्याला एवढा मोठा गळा आहे हे ठाऊकच नव्हतं.

आप्पासाहेबांच्या शेडचा एक रिवाज होता. कामावर यायला आणि घरी जायला घड्याळ, पण मधली सुट्टी घड्याळावर नाही. पहिल्याच दिवशी ते निवडणाऱ्या बायकांना म्हणाले, "घड्याळाला कंबर न्हाय. जिची कंबर धरंल तिनं टोल द्यायचा, समद्यांनी वाईच टेकायचं. कुणी दिला, कशापायी दिला, ह्ये कुणी इचारायचं न्हाय."

म्हणून बायका त्याला 'टेकायचा टोल' म्हणायच्या. मी वाजलो की सगळ्या चिंचेखाली पोती अंथरून बसत, पाय लांब करत. चहा येई. कुणाची शेळी व्याली, कुणाची सून रुसली, मला सारं तोंडपाठ असे. माझ्याइतकं गाव कुणाला माहीत नव्हतं, हे मी जरा फुशारकीनेच सांगतो.

सगळ्यांत जास्त टोल ठमाबाई द्यायची. तुम्ही म्हणाल, बाई कामचुकार असेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग माझ्या ध्यानात आलं की तिची स्वतःची कंबर क्वचितच धरते. डाळिंबं निवडता निवडता ती बायकांचे चेहरे बघायची. एखादी बोलायची थांबली किंवा उगाच पुन्हा पुन्हा पाणी प्यायला लागली, की ठमाबाई "आई गं" म्हणत उठायची, पदराने घाम पुसायची आणि मला ठोकायची. जिच्यासाठी ठोकलं तिला बरोबर कळायचं. तीही काही बोलायची नाही. इतर बायका मधोमध मारत, ठमाबाई जरा खालच्या टोकाला मारायची. तिथे लागलं की माझा आवाज पार कालव्यापर्यंत जायचा. तो हात मला अजून आठवतो.

पुढे आप्पासाहेब थकले आणि कारभार त्यांच्या नातवाकडे, दिग्विजयकडे आला. पोरगा वाईट नव्हता. माल आता परदेशी जायचा, गाडी सुटायची वेळ ठरलेली, जरा उशीर झाला की फोनवर फोन. त्याने डाळिंबं वाहून नेणारा सरकता पट्टा आणला. पट्टा थांबवून चालणार नाही म्हणून सुट्टी पाळीपाळीने, एकेकटीने. बायकांचा त्रास आपल्याला कळावा म्हणून त्याने दाराशी एक यंत्रही लावलं. त्यावर तीन तोंडं होती, एक हसरं, एक गप्प आणि एक रडकं. आत जाताना जसं वाटत असेल तसं तोंड दाबायचं. रडकं दिसलं तर तो स्वतः विचारपूस करणार होता, आणि हे तो मनापासून म्हणत होता.

रोज सगळ्याजणी हसरं तोंड दाबायच्या. दिग्विजयचं समाधान झालं. मग माझी गरज उरली नाही. मला उतरवून मागच्या दाराशी पाण्याच्या पिंपाखाली ठेवलं, पिंप डगमगू नये म्हणून. टांगलेला असतो तोवरच टोल बोलतो, मित्रांनो. जमिनीला टेकला की मुका होतो.

तिथूनच मी सुकन्येला पाहत होतो. ती बाळंतपणानंतर नुकतीच कामावर परतली होती. तान्हं लेकरू सासूजवळ, डोळ्यांत झोप नाही, आणि दिवसभर पट्ट्यापाशी उभं राहायचं. जमत नाही म्हटलं तर आपली जागा दुसरीला जाईल, या भीतीने ती गप्प होती. पाण्याच्या निमित्ताने यायची आणि पिंपाची कड धरून डोळे मिटून उभी राहायची. अशा वेळी मला वाजावंसं वाटायचं. फार वाटायचं.

एके दुपारी तिच्या हातातला पेला गळून पडला आणि ती माझ्याशेजारी मटकन खाली बसली. ती परत आली नाही हे ठमाबाईने हेरलं. स्वतःच्या सुट्टीची वेळ नसताना ती पट्टा सोडून आली, सुकन्येकडे पाहिलं आणि खालचा दगड उचलून मला मारला. कसला आवाज येणार? नुसतं ठक्क झालं. पण आतल्या बायकांचे हात थांबले आणि सवयीने सगळ्या बाहेर आल्या. पट्टा मात्र चालूच राहिला. डाळिंबं टोकाला जाऊन खाली पडत राहिली आणि शेडभर घरंगळली.

दिग्विजय धावत आला. कुणी टोल दिला, असं त्याने रागाने विचारलं. बायका नुसत्या बाजूला सरकल्या. मग त्याला सुकन्या दिसली. त्याने तिला पाणी दिलं, समोर उकिडवा बसला आणि सकाळी तू हसरं तोंडच दाबलंस ना, असं हळू विचारलं.

"व्हय, दादा," सुकन्या म्हणाली. "सकाळच्या पारी, कामावर पाय ठिवताना रडकं तोंड कसं दाबायचं? तुमच्या धंद्याला चांगलं न्हाय त्ये."

दिग्विजय उठला. मग आत जाऊन त्याने पट्टा बंद केला. त्या दिवशी गाडी उशिरा सुटली आणि त्याला फोनवर पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. सुकन्येला त्याने गाडीने घरी पोचवलं, तुझी जागा तुझीच आहे असं सांगितलं, आणि ती परत आली तेव्हा तिला बसून खोक्यांना चिठ्ठ्या लावायचं काम दिलं. टोल पडला की पट्टाही थांबवायचा असं ठरलं, आणि मी पुन्हा चिंचेवर चढलो.

पण त्यानंतर ठमाबाई फार दिवस राहिली नाही. तिची नजर कमी झाली आणि ती सुप्याला लेकीकडे गेली. जाताना तिने माझ्या अंगावरून हात फिरवला. मला वाटलं, एकदा वाजवेल. तिने वाजवलं नाही. मग मी नुसताच लटकून राहिलो. नव्या पोरी एकमेकींकडे बघत, पण गजाला हात कुणी लावेना. रोज दुपार झाली की मी तिच्या पावलांची वाट बघायचो.

एकदा दिग्विजय शेडच्या दारात उभा होता. कानाला फोन, तोंड सुकलेलं. सकाळपासून त्याने चहासुद्धा घेतला नव्हता. आत चिठ्ठ्या लावता लावता सुकन्या त्याच्याकडे बघत होती. ती "आई गं" म्हणत उठली, पदराने घाम पुसला आणि गज उचलला. बरोबर खालच्या टोकाला मारला. माझा आवाज कालव्यापर्यंत गेला.

पट्टा थांबला. बायका बाहेर येऊन पोत्यांवर बसल्या. दिग्विजयने फोन खिशात ठेवला आणि कुठे बसावं ते न कळून उभा राहिला. एका बाईने सरकून पोत्यावर जागा केली. तो बसला, पाय लांब केले. टोल कुणी दिला, हे या वेळी त्यानेही विचारलं नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, घरात कुणी असं गप्प झालेलं दिसलं, तर नुसतं काय झालं म्हणून विचारू नका. ते काही नाही म्हणतील. आपलं काम बाजूला ठेवा आणि त्यांच्याजवळ वाईच टेका. आणि कधी सुप्याला गेलात तर ठमाबाईला माझा एवढा निरोप द्या, की टोल अजून खालच्या टोकालाच पडतो.